तीन रिकाम्या चौकटी

१

“मावशी, चोरी झालीय,” भाचा फोनवर म्हणाला, “आणि चोर काचा एकावर एक रचून, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून गेलाय.”

वकीलबाईंनी हातातला कप खाली ठेवला. सरकारी वकील म्हणून त्यांचा उभा जन्म कोर्टात गेला होता. कुलपं फोडणारे, तिजोऱ्या कापणारे, खिसे मारणारे असे नाना परीचे चोर त्यांनी पिंजऱ्यात उभे केले होते. पण कुणाचा हात कापू नये म्हणून काचांमध्ये कागद घालणारा चोर त्यांना आजवर भेटला नव्हता.

“कशालाही हात लावू नकोस. आलेच.”

भाचा म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, आणि ‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण त्या घरानं अक्षरशः जगून दाखवली. हाच मुलगा आता संकटात धावून जाणाऱ्या एका मदतसंस्थेचा संचालक होता. मावशी निवृत्त झाल्याबरोबर त्यानं तिला विश्वस्त करून टाकलं. घरी बसून ती शेजाऱ्यांची उलटतपासणी घेईल, त्यापेक्षा हे बरं, असा त्याचा हिशेब.

संस्थेची कचेरी एका जुन्या कापडाच्या गोदामात होती. पुढे टेबलं, मागे सामानाचं कोठार, माडीवर औषधं आणि मधोमध लांबट हॉल. उद्या त्या हॉलमध्ये वर्षभराच्या कामाचं छायाचित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. वर्षही तसंच दांडगं गेलं होतं. सुरुवातीलाच एक डोंगर खचला, मग नदीला महापूर आला, मग एका दाट वस्तीला आग लागली आणि शेवटी कॉलऱ्यानं तोंड वर काढलं. चार संकटं, चार भिंती.

डोंगराची भिंत जशीच्या तशी होती. पुराच्या भिंतीवरचा एक फोटो गेला होता, आगीच्या भिंतीवरचा एक आणि कॉलऱ्याच्या भिंतीवरचा एक. तीन रिकाम्या चौकटी खाली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.

“दार फोडलंय?”

“नाही. किल्ली बोळातल्या खिळ्यावर असते. ते आम्हा घरच्यांनाच माहीत.”

“घरचे म्हणजे?”

“मी, कोठारवाले अण्णा, नावाडी आणि डॉक्टरीणबाई. बाकीची मंडळी काल दुपारीच घरी गेली होती. फोटो संध्याकाळी लागले, तेव्हा आम्ही चौघंच होतो.”

“आणि फोटोवाला?”

“लावून झाल्यावर बहिणीकडे गेला. त्याचा लॅपटॉप त्याच्यासोबत आहे. आज दुपारी येईल, मग पुन्हा छापून घेऊ. पण मावशी, हे करावं कुणी? आणि पुराचा तो फोटो! बुडत्या घराचं दार कुऱ्हाडीनं फोडतोय आपला नावाडी. अख्ख्या प्रदर्शनाचा राजा होता तो.”

“पुन्हा छापता येतात हे चोराला ठाऊक असणारच,” वकीलबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “तरी नेले.” मग त्यांनी भाच्याकडे वळून पाहिलं. “पोलिसांना बोलावू नकोस. तुझा चोर उद्या पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार आहे.”

२

भाच्याचा संशय कोठारवाल्या अण्णांवर होता. काचांमध्ये कागद घालायची सवय कोठाराचीच, आणि प्रदर्शनाला सगळ्यांत जास्त विरोधही त्यांचाच.

अण्णा तंबूंच्या गठ्ठ्यावर बसून दोरखंडाची वेटोळी करत होते. वकीलबाई आल्यावर उठले, पण दोर काही सोडला नाही.

“विचारा बाई. मी नाही चोरले, पण चोरणाऱ्याला चहा पाजीन.”

“का बरं?”

“लोकांचं होत्याचं नव्हतं झालं, ते काय काचेआड टांगायचं? साहेबांना म्हटलं, चेहरे तरी दाखवू नका. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. तर साहेब म्हणतात, चेहऱ्याशिवाय फोटो म्हणजे मिठाशिवाय जेवण.”

“कॉलऱ्याच्या फोटोत काय होतं, आठवतं?”

“मी काही नीट बघितला नाही. पण ती जागा विसरणार नाही. पत्र्याची शेड होती हो ती! खिडक्या म्हणजे नुसती भोकं, ना गज ना झडप. भिंतीत खिळा ठोकायची सोय नाही. सलाईनच्या बाटल्या माणसांनी हातात धरून उभं राहायचं. मी स्वतः हात अवघडेपर्यंत उभा राहिलोय.” अण्णांनी दोराला गाठ मारली. “आणि आता बघा, उद्या कार्यक्रम, कोठार आवरायला माणूस नाही. अबोली असती तर हां हां म्हणता झालं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी तिला काल सकाळी तडकाफडकी लांबच्या केंद्रावर पिटाळली. औषधं आणायला म्हणे! औषधं काय दोन दिवसांनी आंबणार होती?”

“अबोली कोण?”

“पुरातून आलेली बाई. महिनाभर तोंडातून शब्द नाही, म्हणून पोरांनी अबोली नाव ठेवलं. आता बोलते, पण तोलूनमापून. परत जायला घर नाही म्हणाली, राहिली इथंच. दवाखान्याच्या पथकात आहे. कामाला वाघीण.”

मागच्या अंगणात एक नवीकोरी लाकडी नाव उपडी ठेवलेली दिसत होती. वकीलबाईंची नजर तिकडे गेल्याचं पाहून अण्णा हसले.

“उद्याच्या प्रमुख पाहुण्यांची देणगी, काल दुपारीच येऊन पडलीय. लाकडाचे मोठे व्यापारी आहेत. त्यांची बायको पुरात वाहून गेली, तिच्या आठवणीत नाव दिलीय. माणूस दुःखी असेल, पण फळीफळीवर वखारीचा शिक्का मारलाय. दान दिलं तरी मालकी सुटत नाही बघा.”

वकीलबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि सहज विचारावं तसं म्हणाल्या, “अण्णा, काल सगळे गेल्यावर तुम्ही हॉलमध्ये कशाला गेला होतात?”

अण्णांच्या हातातलं वेटोळं खाली पडलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. आता.”

३

अण्णा गेले होते ते खरंच. जुने फाटके तंबू फोटोत दिसतात का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. दिसले असते तर लोक कोठाराला नावं ठेवणार. “पण मी आत गेलो तेव्हा सगळे फोटो जागेवर होते,” ते छातीवर हात ठेवून म्हणाले. “आणि मी एकटा नव्हतो. नावाडी आत होता, बायकोला घेऊन!”

नावाडी लाजला. दणकट गडी, पण कान लाल झाले.

“बायको कधी खरं मानत नाही हो, वकीलबाई. म्हणते, तुम्ही नुसते वल्हं मारता आणि घरी येऊन बढाया मारता. म्हटलं, चल, दाखवतोच. हातच्या कंकणाला आरसा कशाला?”

“मग मानलं का?”

“मानलं. वर म्हणाली, कुऱ्हाड धरलीय तशी घरी लाकडं फोडायला कधी धरत नाही!”

वकीलबाई हसल्या. बराच वेळ हसू दिलं त्यांनी त्यालाही. कोर्टातला त्यांचा जुना नेम होता, की हसणारा साक्षीदार खरं बोलत असेल तर अजून खरं बोलतो. मग त्या म्हणाल्या, “त्या दाराची गोष्ट सांगा. पहिल्यापासून.”

“काय सांगायचं? सगळीकडे गढूळ पाणी. कुठलं घर कुणाचं, काही कळत नव्हतं. ओंडकेच ओंडके वाहत येत होते. एक तर असा आदळला की वाटलं, नावेला भोक पडलं. तेवढ्यात एका खोलीतून ठोकल्याचा आवाज आला. छपरापर्यंत पाणी यायला थोडंच उरलं होतं. मी दार ढकललं, तर हलेना. बघतो तर बाहेरून वरची कडी, आणि कडीला कुलूप!” त्यानं मान हलवली. “आत माणूस ठेवून बाहेरून कुलूप कोण लावतं हो? पूर चढत असताना? घाईत चुकून लावलं असेल, म्हटलं. कुऱ्हाड घातली. फोटोवाला दुसऱ्या नावेत होता, त्यानं तेव्हाच फोटो काढला. फळी फुटली तशी आतून बाई दिसली. तिला ओढून घेतली आणि आम्ही जरा लांब गेलो नाही तोच ती अख्खी खोली पाण्यात बसली. नामोनिशाण उरलं नाही.”

“ती बाई म्हणजे अबोली.”

“तीच. कुलपाचं तिला कधी बोललो नाही, आधीच धसका घेतलेली.”

“आगीच्या आणि कॉलऱ्याच्या फोटोतही ती होती का?”

नावाड्यानं डोकं खाजवलं. “असेल की. ती सगळीकडे असते. पण फोटोवाला दिसला रे दिसला की पाठ फिरवते. आम्ही चिडवतोसुद्धा तिला.”

डोंगर खचला तेव्हा अबोली नव्हती. म्हणून ती भिंत शाबूत राहिली. वकीलबाईंना धाग्याचं टोक सापडलं. ज्या बाईला फोटो नको होते, तिनंच ते काढून नेले. यापेक्षा सोपं उत्तर कुठलं?

फक्त एक अडचण होती. अबोली काल सकाळीच गावाबाहेर गेली होती, आणि फोटो लागले संध्याकाळी.

४

डॉक्टरीणबाई माडीवर इंजेक्शनची खोकी लावत होत्या. वय फार नव्हतं, पण या एका वर्षानं केसांत चांदी आणली होती. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

“तुम्ही फोटो पाहिलेत ना संध्याकाळी?” वकीलबाईंनी विचारलं.

“पाहिले.”

“मी नाही पाहिले, म्हणून सगळ्यांना त्रास देतेय. कॉलऱ्याचा सांगा. तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार?”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा जरा सैल पडला. “पहिल्या खाटेवर म्हातारा गवंडी. तो वाचेल असं मला वाटलं नव्हतं, पण वाचला. त्याच्या शेजारी दोन बहिणी, एकाच खाटेवर, कारण धाकटी थोरलीला सोडत नव्हती. मग शिंपीणबाई. तिच्या पायाशी तिचा नवरा बसलाय. पलीकडे एक बाळंतीण, बाळ बाहेर आजीकडे.”

“सगळी माणसं पाठ आहेत तुम्हाला.”

“विसरायची म्हटली तरी विसरत नाहीत.”

“आणि उभं कोण होतं?”

“उभं?”

“सलाईन चालू असेल ना. बाटली कुणी तरी धरली असेल.”

डॉक्टरीणबाईंनी हातातलं खोकं फळीवर ठेवलं, मग पुन्हा उचलून सरळ केलं. “नाही. बाटल्या खिडकीच्या गजाला अडकवल्या होत्या.”

“असं.”

“हो. गजाला.”

खाली रस्त्यावर कुणी तरी भंगाराची गाडी ढकलत नेत होतं, तिचा खडखडाट विरेपर्यंत त्या थांबल्या.

“अबोलीला तुम्ही काल सकाळी पाठवलंत. का?”

“औषधं हवी होती.”

“आमंत्रणपत्रिका काल सकाळीच छापून आल्या, असं भाचा म्हणत होता. त्यावर प्रमुख पाहुण्यांचं नाव तुम्ही प्रथम वाचलंत का?”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, पण तिच्या मागे एक हट्टही होता. असा हट्ट वकीलबाईंनी फार थोड्या आरोपींत पाहिला होता, आणि त्यातले बहुतेक निर्दोष सुटले होते.

“वकीलबाई, डॉक्टरला पेशंट जे सांगतो ते डॉक्टरच्या पोटात राहतं. तुम्ही मला तुरुंगात घातलंत तरी माझं उत्तर हेच.”

“तुरुंगाचं कोण बोलतंय?” वकीलबाई उठल्या. “मी चहाला बोलावणार होते.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. फोटोवाला आला होता, आणि त्याच्या हातात तीन ताजे फोटो होते.

५

वकीलबाईंनी ते फोटो भाच्याच्या टेबलावर मांडले आणि दार लावून घेतलं.

कॉलऱ्याच्या फोटोत गवंडी होता, बहिणी होत्या, शिंपीण होती. मागे पत्र्यात कापलेली मोठी चौकोनी खिडकी, आणि तिला एकही गज नव्हता. मधोमध एक बाई सलाईनची बाटली उंच धरून उभी. दमलेली, केस कापलेले. कुणी तरी हाक मारावी तशी तिची मान वळलेली. नेमका तेव्हाच फोटो निघाला होता.

आगीच्या फोटोत तीच बाई एका पोराला कडेवर घेऊन धुरातून येत होती. इथंही तोंड समोर, कारण धुरात कॅमेरा दिसायचा कुठून?

पुराच्या फोटोवर वकीलबाई बराच वेळ रेंगाळल्या. कुऱ्हाड वर गेलेली. दाराची वरची फळी फुटलेली आणि त्या भगदाडातून तोच चेहरा, पांढराफटक. बाजूला ती वरची कडी, कडीत लोखंडी कुलूप. आणि कुलपाच्या वर, पाण्यानं भिजून गडद झालेल्या लाकडावर, एक खूण भाजलेली. वर्तुळ, आणि वर्तुळात तीन उभ्या रेघा.

फळीफळीवर वखारीचा शिक्का मारलाय, अण्णा म्हणाले होते.

वकीलबाई फोटो पदराआड धरून मागच्या अंगणात गेल्या. उपड्या नावेशी वाकल्या. गुडघ्यांनी कुरकूर केली, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. तळाच्या पहिल्याच फळीवर वर्तुळ होतं, वर्तुळात तीन उभ्या रेघा.

आता त्यांना सगळं दिसलं. ज्या बाईच्या आठवणीत ही नाव आली होती, ती बाई मेलेलीच नव्हती. ती याच गोदामात राहत होती आणि उद्या तिला पुरात कोंडणारा माणूस तिच्या फोटोसमोर उभा राहून भाषण करणार होता.

“मावशी!” भाचा धावत अंगणात आला. चेहरा आनंदानं फुललेला. “पाहुणे आजच आलेत, नाव बघायला! फोटोही आलेत ना? दे इकडे, टांगतो पटकन. त्यांना आत्ताच दाखवू!”

फाटकाशी मोटारीचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

६

“टांगायचं नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “का ते विचारायचं नाही. हॉलला कुलूप लाव, किल्ली मला दे आणि नावाड्याला इकडे पाठव. लहानपणी एकदा तरी मुकाट्यानं ऐकलं असशील, तसं आज ऐक.”

भाच्यानं मावशीचा चेहरा पाहिला आणि हॉलला कुलूप घालून किल्ली तिच्या हातात आणून दिली.

पाहुणे उंच, नीटनेटके आणि मऊ आवाजाचे होते. त्यांनी नावेवरून हात फिरवला आणि डोळे क्षणभर मिटून घेतले. भाच्याला गलबलून आलं. वकीलबाईंनीही पदर सावरला.

“फार वाईट झालं हो,” त्या म्हणाल्या. “आपण तेव्हा तिथं नव्हतात?”

“नाही. कामासाठी शहरात होतो. वखारीमागच्या खोलीत ती एकटीच होती. पाणी इतक्या झटक्यात आलं, की...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“बिचारी. पळायला वाटही मिळाली नसेल.”

“वाट होती. दार सताड उघडं होतं. घाबरून बाहेर पडली असणार आणि लोंढ्यात सापडली.”

“आपण शहरात होतात म्हणालात. मग दार उघडं होतं हे कसं कळलं?”

“निघताना मीच उघडं ठेवलं ना.” मऊ आवाजाला जराशी धार आली. “त्या दाराला आम्ही कधी कडी घातली नाही. कुलूप तर नव्हतंच.”

नावाडी नावेच्या पलीकडे उभा होता. कुलूप हा शब्द ऐकून त्यानं पाहुण्यांकडे पाहिलं, मग नावेवरच्या शिक्क्याकडे, मग वकीलबाईंकडे. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. वकीलबाईंनी किंचित मान हलवली. थांब.

“खरंय,” त्या पाहुण्यांना म्हणाल्या. “कुलपाचं मी विचारलंही नव्हतं. उद्या अवश्य या.”

मोटार गेली. नावाडी नावेला वळसा घालून पुढे आला.

“वकीलबाई, हा तो—”

“हो. आणि तो जे बोलला ते तुम्ही ऐकलंत, माझ्या भाच्यानं ऐकलं, मी ऐकलं. आता सगळ्यांना वर बोलवा. डॉक्टरांना सांगा, चहा मी करतेय.”

७

माडीवर खोक्यांच्या मध्ये पाच जण बसले. वकीलबाईंनी तिन्ही फोटो उपडे ठेवले होते.

“डॉक्टर, तुम्हाला काही सांगायचं नाही. मी बोलते, तुम्ही चहा प्या.” त्यांनी एक घोट घेतला. “चोरानं भिंतीवरचे फोटो नेले आणि चौकटी ठेवल्या. फोटोवाल्याकडे मूळ फोटो सुरक्षित, तिकडे चोर फिरकला नाही. म्हणजे फोटो कायमचे नष्ट करायचे नव्हते, फक्त उद्या भिंतीवर नको होते; फोटोवाला आजच परतेल हे चोराला ठाऊक नसावं. उद्या असं काय आहे? पाहुणे. म्हणजे ते फोटो पाहुण्यांनी पाहू नयेत अशी कुणाची तरी धडपड होती.

“डोंगराच्या भिंतीला हात नाही. तुम्ही सगळे त्या भिंतीवर आहात, अबोली नाही. तेव्हा चोर स्वतःला लपवत नव्हता, अबोलीला लपवत होता. अण्णा तिच्यासाठी चोरी करतील, पण तिला गावाबाहेर पाठवल्याबद्दल ते सकाळीच कुरकुरत होते. तिला धोका आहे हे माहीत असतं तर कुरकुरले नसते. नावाडी तर बायकोला फोटो दाखवत फिरत होता. माझ्या भाच्याला तो फोटो प्रदर्शनाचा राजा वाटत होता. उरलं कोण? पाहुण्यांचं नाव वाचून जिनं अबोलीला सकाळीच दूर पाठवलं ती. फोटोंची धास्ती तिला संध्याकाळी पडली, ते भिंतीवर लागलेले पाहून.” त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. “मला खात्री पटली ती गजांमुळे. खाटेखाटेवरचा माणूस सांगणारी डॉक्टर नेमकी बाटली धरणारीला विसरली आणि नसलेल्या गजांना बाटल्या टांगून मोकळी झाली. तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही, डॉक्टर. ती लागली नाही तेच बरं.”

भाच्याचं तोंड उतरलं होतं.

“तुम्ही म्हणाला होतात, चेहरे नकोत म्हणून,” तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. “मी हसण्यावारी नेलं.”

“कारण सांगता येत नव्हतं मला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तिनं शपथ घातलीय. तो पैसेवाला आहे, त्याच्या शब्दाला वजन आहे. ती जिवंत आहे कळलं तर तिला घरी न्यायला तोच सन्मानानं येईल, आणि जग त्याची पाठ थोपटेल. ती म्हणते, मी मेलेलीच बरी.”

“म्हणून तुम्ही तिची ढाल झालात. छान केलंत. पण जे लपवलंत ते एकदा नीट बघा.”

वकीलबाईंनी पुराचा फोटो उलटला. कुलपावर बोट ठेवलं, मग शिक्क्यावर. अण्णा पुढे वाकले आणि शिवी गिळली.

“खोली वाहून गेली, कुलूप वाहून गेलं. पुरावा संपला, असं त्याला वाटतंय. म्हणून तो आज तीन साक्षीदारांपुढे बोलून गेला, की कुलूप नव्हतंच. चोराच्या मनात चांदणं! आणि हे बघा कुलूप, त्याच्याच वखारीच्या शिक्क्याखाली, आत जिवंत बाई. उभ्या नोकरीत असा पुरावा मला हातात मिळाला नाही.” त्या थांबल्या. “पण तो वापरायचा की नाही, हे मी ठरवणार नाही. तुम्हीही नाही.”

“मी ठरवते,” दारातून कुणी तरी म्हणालं.

अबोली जिन्याच्या तोंडाशी उभी होती. खांद्यावर औषधांची पिशवी, चपला धुळीनं माखलेल्या. दुपारी डॉक्टरीणबाईंनी फोन करून सांगितलं होतं, ‘तिकडेच थांब.’ त्यांचा आवाज ऐकूनच ती पहिल्या गाडीनं निघाली होती.

“तुला येऊ नको म्हटलं होतं ना गं!” डॉक्टरीणबाई उठल्या.

“म्हणूनच आले, ताई. माझ्यासाठी तुम्हाला कुणी काही बोललं तर?”

तिनं पिशवी खाली ठेवली आणि टेबलाशी आली. पुराचा फोटो तिनं दोन्ही हातांनी उचलला. सगळे तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती मात्र दाराकडे पाहत होती.

“हे दार मी बाहेरून बघितलंच नव्हतं,” ती म्हणाली. “मी आतून ढकलत होते, ढकलत होते. मला वाटत होतं, माझीच ताकद कमी पडतेय. तो नेहमी म्हणायचा, तुझ्याच्यानं काही होत नाही.” तिनं कुलपावर अंगठा ठेवला. “एवढं मोठं कुलूप होतं तर.”

नावाड्यानं खाली मान घातली. त्याच्यासारख्या माणसाला डोळे पुसायला काही तरी काम लागतं, म्हणून तो उगाच कपबश्या गोळा करू लागला.

“वकीलबाई,” अबोलीनं विचारलं, “मी बोलले तर ऐकतील?”

“तुमचं, फोटोचं, नावाड्याचं आणि माझं. चौघांचं न ऐकायला फार बहिरं व्हावं लागेल. सोपं जाईल असं मी सांगत नाही. त्याचा वकील तुम्हाला नको नको ते विचारील. पण त्याच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसलेली असेन, आणि मी बसलेली असले की समोरच्या वकिलांना घाम फुटतो, असा लौकिक आहे माझा.”

अबोली पहिल्यांदा हसली. “मग उद्या सकाळीच जाऊ.”

प्रदर्शन ठरल्या वेळी उघडलं, पण फीत कापायला कुणी नव्हतं. पाहुणे आलेच नाहीत. भाच्यानं भाषण आटोपतं घेतलं आणि पुढच्या वर्षीपासून फोटोतल्या माणसाला विचारल्याशिवाय एकही फोटो टांगणार नाही, एवढंच सांगून खाली बसला. अण्णांनी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

त्या वेळी पाहुणे पोलीस ठाण्याच्या आतल्या खोलीत बसले होते, आणि त्यांचा मऊ आवाज मधूनमधून चिरकत बाहेर येत होता. बाहेरच्या टेबलाशी अबोली जबाब देत होती. एका बाजूला वकीलबाई, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई. तिनं सगळं सांगितलं, न थांबता, न अडखळता. फौजदार लिहून घेता घेता दोनदा पेन खाली ठेवून नुसता ऐकत राहिला होता.

शेवटी तो म्हणाला, “व्यवसाय? गृहिणी लिहू ना?”

“नको,” अबोली म्हणाली. “मदत पथकात आहे मी. आणि साहेब, जरा लवकर सही घ्या. काल रात्रीच्या वादळानं पलीकडच्या खोऱ्यातली घरं पाडलीत, आमचा ट्रक बाहेर उभा आहे.”

फौजदारानं खिडकीतून पाहिलं. ट्रकमध्ये तंबूंच्या गठ्ठ्यांवर नावाडी बसला होता, आणि प्रदर्शनातून थेट आलेले अण्णा ड्रायव्हरशी वाद घालत होते. त्यानं कागद पुढे सरकवला. अबोलीनं सही केली, पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरून ट्रककडे धावत गेली.